नगराच्या नकाशात मुक्या जीवांची वहिवाट

जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर, जालन्यापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर बदनापूर वसलेले आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील हे एक स्थानक. शेतकऱ्यांना हे गाव परिचित आहे ते येथील कृषी संशोधन केंद्रामुळे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने कडधान्यांवर दीर्घकाळ काम केले असून, ‘बीडीएन’ या अक्षरांनी ओळखले जाणारे तुरीचे वाण येथूनच शेताशेतांत पोचले.

आज हे तालुक्याचे ठिकाण गाव आणि शहर यांच्या उंबरठ्यावर उभे आहे. ग्रामपंचायतीच्या जागी येथे नगरपंचायत आली. पूर्वेस जालन्याचे पोलाद व बियाणे उद्योग, पश्चिमेस शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग यांमुळे येथील जमिनीला नवे मोल आले आहे. अशा ठिकाणी नगररचनेचा विषय निघाला की रस्ते, पाणीपुरवठा, शाळा, दवाखाने, व्यापारी गाळे यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु या चर्चेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या जागेवर आपण नवे नगर आखीत आहोत तेथे माणसाखेरीज आणखी कोण राहते, आणि त्यांच्या वाट्याला या नकाशात काय येणार आहे?

हा प्रश्न केवळ भूतदयेचा नाही. तो न्यायाचा आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, दुर्बल माणसांच्या हिताशीही तो निगडित आहे. बदनापूरसारख्या वाढत्या गावांच्या संदर्भात त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

गावाच्या रचनेतील जुनी तरतूद

जुने गाव नियोजनाशिवाय वाढले, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. गावठाण, खळवाडी, पाणंद, पाणवठा, स्मशान, गायरान अशी गावाच्या जमिनीची विभागणी पिढ्यानपिढ्या चालत आली होती. पाणवठ्याजवळ जनावरांसाठी दगडी हाळ असे. पाणंद बैलगाडीइतकीच गुरांच्या कळपाची असे. देवाच्या नावाने राखलेल्या झाडीवर कुऱ्हाड चालत नसे. या सर्व जागा म्हणजे गावाने मनुष्येतर जीवांसाठी काढून ठेवलेला वाटाच होता. त्याचे लेखी दस्तऐवज थोडे. परंतु वहिवाट पक्की होती.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने या वहिवाटीला कायद्याचे रूप दिले. संहितेच्या कलम २२ नुसार गावातील शासकीय जमीन गुरांच्या मोफत चराईसाठी, गवत व चाऱ्यासाठी, वन व सरपण यांसाठी, तसेच गावठाण, दहनभूमी, खळे, बाजार, रस्ते आदी सार्वजनिक प्रयोजनांसाठी राखून ठेवता येते. एकदा राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय अन्य कामी वापरता येत नाही. गुरांचा चारा आणि माणसांचा बाजार यांना कायद्याने एकाच कलमात शेजारी बसविले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

योगायोग असा की त्याच वर्षी राज्यात दुसरा एक महत्त्वाचा कायदा झाला, तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याचेही कलम २२ आपल्या विषयाशी संबंधित आहे. विकास योजनेत कोणत्या बाबी असाव्यात हे ते सांगते. त्यात मोकळ्या जागा, हरितपट्टे, निसर्गराखीव क्षेत्रे, निसर्गसौंदर्याच्या प्रदेशांचे जतन, पूरनियंत्रण व नदीप्रदूषणास प्रतिबंध यांचा समावेश आहे. त्याच यादीत सखल, दलदलीच्या व आरोग्यास अपायकारक जागा भरून काढणे, जमीन समपातळीत आणणे, हीही एक बाब आहे. बेडूक, बगळे, पाणकोंबड्या यांचे घर असलेली पाणथळ जागा एका उपखंडानुसार राखण्याजोगी ठरते आणि दुसऱ्या उपखंडानुसार बुजविण्याजोगी ठरते. यांपैकी कोणता उपखंड लागू करावयाचा, हे त्या जागेची आपल्याला किती माहिती आहे यावर अवलंबून राहते. निर्णय घेणाऱ्यावर म्हणूनच मोठी जबाबदारी आहे.

चाऱ्यापासून कोंडवाड्यापर्यंत

गावाचे नगर होते तेव्हा केवळ कार्यालयावरील फलक बदलत नाही. त्या संस्थेपुढील विषयांची यादीही बदलते. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत. त्यांत पशुसंवर्धन आहे, सामाजिक वनीकरण आहे आणि ‘इंधन व चारा’ हा स्वतंत्र विषय आहे. ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांचे १८ विषय आहेत. त्यांत नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण आहे, उद्याने आहेत. परंतु चारा नाही. गुरांचा उल्लेख येतो तो ‘कोंडवाडे, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध’ या शब्दांत.

दोन्ही अनुसूच्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे संक्रमणाचे स्वरूप ध्यानात येते. काल ज्या गाईसाठी चाऱ्याची सोय करणे हा संस्थेचा विषय होता, ती आज रस्त्यात आली तर तिला कोंडणे हा संस्थेचा विषय होतो. गाय तीच असते, तिचा मालक तोच असतो आणि पुष्कळदा रस्त्याखालची जमीनही तिच्याच पाणंदीची असते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाताना काही वारस नोंदवावयाचे राहून जातात, इतकेच. ते नोंदविण्याचे काम नगरपंचायतीच्या पहिल्या काही वर्षांतच होऊ शकते. कारण नंतर जागा उरत नाही.

करुणा आणि न्याय

पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा मराठवाड्यातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. काशीहून रामेश्वरासाठी नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. या कथेचे तात्पर्य म्हणून आपण मुलांना भूतदया शिकवितो, आणि ते योग्यच आहे. तथापि नगररचनेचा अभ्यास करणाऱ्याने त्या कथेला आणखी एक प्रश्न विचारावा. त्या वाटेवर एखादा हाळ असता तर?

गाढवाला पाणी मिळाले ते नाथ तेथून जात होते म्हणून. ते गेले नसते तर ते तसेच राहिले असते. करुणा ही व्यक्तीच्या ठायी असते आणि तिचा लाभ भेट होईल त्याला मिळतो. न्याय हा व्यवस्थेत असतो आणि कोणी संत वाटेने जावो वा न जावो, तो मिळत राहतो. पाण्याने भरलेला हाळ हे न्यायाचे साधे रूप होय.

हा विचार आपल्या भूमीला नवा नाही. मनुष्ये आणि पशू या दोहोंसाठी औषधोपचार, दोहोंसाठी मार्गावर विहिरी व वृक्ष, अशी व्यवस्था केल्याचे सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात नोंदविले आहे. आधुनिक काळात राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क नुसार सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. अनुच्छेद ४८-क नुसार पर्यावरणाचे व वन्य जीवांचे रक्षण करण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावयाचे आहे. दोन्ही तरतुदी १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आल्या. एक व्यक्तीकडून अपेक्षा करते, दुसरी राज्याकडून. स्थानिक संस्थेचे काम या दोहोंना जमिनीवर उतरविण्याचे आहे.

मोकळी जागा मोकळी नसते

मोजणीच्या नकाशावर गायरान, ओढ्याचा काठ किंवा पडीक माळ हा रिकामा दिसतो. नवे कार्यालय, घनकचरा प्रकल्प किंवा वसाहत यांसाठी जागा शोधताना साहजिकच दृष्टी तेथे जाते. परंतु जी जागा रिकामी दिसते तेथे कोणाची ना कोणाची वहिवाट असते. टिटवी उघड्या माळावरच अंडी घालते. खोकड आणि लांडगा यांना माळरानच लागते. तेथे दाट झाडी लावली तरी त्यांचे घर मोडते. घोरपड, ससा, तित्तिर यांना बांधावरची झुडपे लागतात.

आणि माणसांचीही वहिवाट तेथेच असते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. ज्या कुटुंबाला स्वतःची जमीन नाही त्याच्या चार शेळ्या गायरानावर चरतात. मेंढपाळांचे कळप त्याच वाटेने येतात व जातात. त्याशिवाय मराठवाड्यात गायरानाला आणखी एक इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गावच्या पडीक जमिनीवर कसण्याचा हक्क मागणाऱ्या दलित भूमिहीनांना या लढ्यांनी आवाज दिला. म्हणजे एकाच गायरानावर गाय, हरिण आणि भूमिहीन माणूस या तिघांचाही दावा असतो. यांतील एकाच्या नावाने दुसऱ्याला हुसकावणे म्हणजे न्याय नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणी दिलेला निर्णय या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे दूर करण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश न्यायालयाने सर्व राज्यांना दिले. मात्र भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेनुसार पट्टा दिलेला असेल, अथवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद करता येईल असेही नमूद केले. या निर्णयानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरान व सामाईक जमिनींच्या रक्षणासंबंधी शासन निर्णय काढला. सामाईक जमीन राखणे आणि दुर्बलांना न उखडणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळावयाची आहेत, असा याचा अर्थ होय.

अवर्षणाच्या काळात या जमिनींचे मोल अधिक कळते. २०१२-१३ च्या दुष्काळाची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होती. दुष्काळात शासन चारा छावण्या उघडते, टँकर लावते, मोठा खर्च करते. चराईची जमीन, ओढ्यातील डोह आणि बांधावरची झाडे शाबूत असतील तर त्या खर्चाचा काही भाग सुकाळातच वाचविलेला असतो.

कचरा, कुत्रा आणि बालक

मनुष्य व अन्य जीव यांचे हित परस्परविरोधी आहे, असे मानण्याचा मोह भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नात विशेष होतो. एका बाजूला चावा घेतलेल्या बालकाचे आईबाप आणि दुसऱ्या बाजूला प्राणिमित्र, असे चित्र उभे राहते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरील अनुभव या बाबतीत मार्गदर्शक आहे. १०३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाभोवती दाट वस्ती आहे. २००४ साली बिबट्यांचे माणसांवरील हल्ले मोठ्या संख्येने झाले. अभ्यासान्ती एक साखळी स्पष्ट झाली. उघड्या कचऱ्यावर कुत्री व डुकरे वाढतात, त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीजवळ येतो, आणि अपाय होतो तो उद्यानाच्या कडेला झोपडीत राहणाऱ्या व उघड्यावर शौचास जाणाऱ्या कुटुंबांना. कचरा उचलणे, दिवे लावणे, शौचालये बांधणे ही कामे माणसाच्या व बिबट्याच्या अशा दोघांच्याही सुरक्षिततेची ठरली.

बदनापूरसारख्या गावात बिबट्याचा प्रश्न त्या स्वरूपात नसला तरी साखळीचा पहिला दुवा तोच आहे. उघडा उकिरडा कुत्र्यांची टोळी पोसतो. जगात माणसांना होणाऱ्या अलर्क रोगाचे, म्हणजे रेबीजचे, जवळजवळ सर्व रुग्ण कुत्र्याच्या चाव्यातून उद्भवतात, आणि त्यांत गरीब घरांतील बालके अधिक असतात. त्याच उकिरड्यावरील प्लॅस्टिकच्या पिशव्या गाईच्या पोटात साठून तिचा जीव घेतात. परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे नियमित लसीकरण झाल्यास रोगाचा प्रसार खंडित होतो, हे जागतिक अनुभवाने सिद्ध झाले आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात परत सोडण्याचे व खाऊ घालण्यासाठी जागा निश्चित करण्याचे आदेश दिले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटविण्यास सांगितले. दोन्ही आदेशांचे पालन व्हावयाचे तर केंद्र, निवारा आणि खाद्यस्थाने यांच्या जागा नकाशात आधीच असावयास हव्यात.

मेलेल्या जनावरांची विल्हेवाट हा याच विषयाचा दुसरा भाग. पूर्वी हे काम गिधाडे करीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार, गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक मृत्यू ओढवले. कुजणारी कलेवरे, दूषित पाणी व वाढलेली कुत्री ही त्यामागील संभाव्य कारणे सांगितली जातात. ज्याला कोणी नागरिक मानीत नव्हते अशा पक्ष्याच्या जाण्याची किंमत माणसांनी मोजली.

शेत आणि गाव यांतील पाखरे

तूर व हरभरा या पिकांवरील घाटेअळी शेतकऱ्याचे मोठे नुकसान करते. तिच्या एकात्मिक नियंत्रणासाठी कृषी शास्त्रज्ञ शेतात पक्षी थांबे उभारण्याची शिफारस करतात. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठीवर कोतवाल, साळुंकी, वेडा राघू असे पक्षी बसतात आणि अळ्या व पतंग टिपतात. कडधान्यांच्या संशोधनासाठी नावाजलेल्या बदनापुरात ही शिफारस सर्वांना परिचित असावी.

परंतु शेतात काठी रोवली तरी पक्षी यावयाचा कोठून? त्याचे घरटे बांधावरच्या बाभळीत, ओढ्याच्या दरडीत, गावातील जुन्या कडुनिंबात किंवा शाळेच्या आवारातील वडावर असते. रस्तारुंदीत कडुनिंब गेला, ओढ्याच्या दरडीला सिमेंट लागले, तर शेतातील थांबा रिकामा राहतो आणि औषध फवारणीचा खर्च वाढतो. उंदरांवर जगणारे गव्हाणी घुबड जुन्या वाड्यांच्या कोनाड्यांत राहते. नव्या इमारतींत त्याला जागा नाही. नगराची आखणी आणि तालुक्याची शेती यांच्यात असा न दिसणारा व्यवहार चालतो. त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

ओलांडण्याचा हक्क

रस्ता माणसांना जोडतो आणि पुष्कळ जीवांना तोडतो. मराठवाड्याच्या शेतशिवारात काळवीट, रोही, रानडुक्कर यांचा वावर असतो आणि त्यांच्यामुळे शेतकऱ्याला पिकाचा तोटाही सोसावा लागतो. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर बंदिस्त रस्ता आला की कळप विभागले जातात, त्यांचा जाच एखाद्याच शिवारावर एकवटतो आणि अपघात होतात.

राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जातो. तेथे मानसर ते खवासा या टप्प्यात वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून ९ मार्ग ठेवण्यात आले. त्यांची लांबी ५० ते ७५० मीटर आहे. वाघांसह अनेक प्राणी हे मार्ग वापरतात, हे भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत दिसून आले. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही वन्यप्राण्यांसाठी वरून व खालून जाणारे मार्ग योजले गेले. या महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोठ्या महामार्गावर जे शक्य झाले ते नगराच्या वळणरस्त्यावरही लहान प्रमाणात शक्य आहे. ओढ्यावरील मोरी दोन-तीन फूट अधिक रुंद ठेवून तिच्या एका कडेला कोरडी पायवाट सोडली, तर कोल्हा, मुंगूस, शेळ्यांचा कळप आणि शाळेत जाणारी मुले यांना तीच वाट उपयोगी पडते.

एका मोठ्या रेषेचा धडा

प्राण्यांच्या बाजूने काढलेली प्रत्येक रेषा न्याय्यच असते, असे मात्र समजू नये. १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्या रेषेत शेते, गावे, बाजारपेठाच नव्हे, तर तालुक्यांची शहरेही आली. साध्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी प्रेमाऐवजी रोष निर्माण झाला. पुढे हे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान माळरानावर ऊस व इतर बागायती पिके आली, विजेच्या तारा आल्या. आज तेथे माळढोक अपवादानेच दिसतो.

यातून दोन गोष्टी शिकता येतात. स्थानिक लोकांना न विचारता काढलेली मोठी रेषा कोणाचेच रक्षण करीत नाही. आणि संरक्षण लहान, नेमक्या व लोकांना मान्य असलेल्या जागांचे असेल तरच ते टिकते. नगराच्या बाबतीत अशा नेमक्या जागा पुष्कळ असतात. एक ओढा, दोन विहिरी, दहा जुने वृक्ष, गायरानाचा एक तुकडा. त्यांची नावे गावातील वृद्धांना ठाऊक असतात.

दोन कागद एकत्र ठेवावेत

ही नावे कागदावर आणण्याचे साधनही उपलब्ध आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे. लोकांच्या सहभागाने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. परिस्थितिकीतज्ज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीच्या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. दुसरीकडे नगररचना अधिनियमाच्या कलम २५ नुसार विकास योजनेपूर्वी जमिनींचे सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापर नकाशा तयार करावा लागतो.

हे दोन्ही कागद बहुधा वेगवेगळ्या कपाटांत असतात. एक समितीकडे, दुसरा नगररचनेकडे. नोंदवहीत जुन्या वडावर वटवाघळांची वसाहत असल्याचे लिहिलेले असते आणि नकाशात त्याच वडावरून १२ मीटरचा रस्ता गेलेला असतो. नोंदवहीतील प्रत्येक जागा सर्वेक्षणाच्या वेळीच नकाशावर उतरविली, तर पुढचे अनेक तंटे टळतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. दोन कपाटे एकाच दिवशी उघडावी लागतात.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर कोणतीही व्यक्ती लेखी हरकत वा सूचना देऊ शकते. त्यासाठी जमिनीची मालकी असावी लागत नाही. ओढा स्वतः अर्ज करू शकत नाही. त्याच्या वतीने शिक्षक, विद्यार्थी, पशुपालक अर्ज करू शकतात आणि त्यांनी तो करावा, हे अपेक्षित आहे.

करावयाची कामे

पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना आपापल्या पातळीवर पुढील कामे हाती घेता येतील.

१. नोंद : शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या परिसरातील वृक्ष, घरटी, पाणवठे व जनावरांच्या वाटा यांची ऋतुवार नोंद करवून ती जैवविविधता समितीस द्यावी. आपल्या वर्गापासून शंभर पावलांत कोण कोण राहते, हा प्रश्न परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ ठरेल.

२. पाणी : बाजारतळ, बसस्थानक व वेशीजवळ माणसांच्या पाणपोईला लागून जनावरांसाठी हाळ आणि पाखरांसाठी उथळ कुंडी असावी. हाळ स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी नेमून द्यावी. अन्यथा तो डासांचे आगर होतो.

३. विहिरी : वापरात नसलेल्या विहिरी बुजविण्याऐवजी त्यांना कठडा बांधावा. कठडा बालकालाही वाचवितो आणि रात्री धावणाऱ्या प्राण्यालाही.

४. वृक्ष : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात २०२१ साली झालेल्या सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. अशा वृक्षांची गणना रस्त्याची आखणी होण्यापूर्वी व्हावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील प्रकरणात आदेश दिल्याप्रमाणे बुंध्याभोवती एक मीटर जागा फरशी वा सिमेंटविना मोकळी ठेवावी.

५. ओढे : ओढ्याचे पात्र मातीच्या काठांसह राखावे. सिमेंटच्या नाल्यातून पाणी वेगाने जाते, जमिनीत मुरत नाही आणि डासांच्या अळ्या खाणारे बेडूक व मासे तेथे राहत नाहीत.

६. पशुपालक : गोठे व शेळ्यांसाठी वस्तीच्या कडेला जागा, चराईच्या राहिलेल्या क्षेत्राकडे जाणारी पाणंद आणि सावली, चारा, पाणी असलेला कोंडवाडा यांची आखणी योजनेतच व्हावी. ज्याची उपजीविका जनावरावर आहे त्याला सुनावणीस आवर्जून बोलवावे.

७. कचरा : ओला कचरा घरोघर वेगळा करून उघडे उकिरडे बंद करावेत. मेलेल्या जनावरांच्या विल्हेवाटीची जागा पाण्याच्या साठ्यापासून दूर व कुंपणाच्या आत असावी.

समारोप

वरील कामांपैकी एकही काम असे नाही की ज्याचा लाभ केवळ मुक्या जीवांना होतो. हाळाजवळची पाणपोई वाटसरूची तहान भागविते, कठडा मुलाला वाचवितो, बंद झालेला उकिरडा रोगराई टाळतो, राखलेली पाणंद विधवेच्या शेळ्यांना चारा देते. परंतु माणसाचा लाभ होत नसता तरी ही कामे करावयास हवी होती, हेही सांगितले पाहिजे. टिटवीचा माळावरील हक्क तिच्या उपयोगावरून ठरत नाही. ती तेथे आपल्या आधीपासून आहे, हे त्यासाठी पुरेसे आहे. महसुली भाषेत यालाच वहिवाट म्हणतात, आणि वहिवाट मोडण्यापूर्वी नोटीस देण्याची व म्हणणे ऐकून घेण्याची आपली रीत आहे.

मोठ्या शहरांना ही जाणीव उशिरा झाली. त्यांना आता बुजविलेली तळी शोधावी लागत आहेत आणि तोडलेल्या वाटांवर पूल बांधावे लागत आहेत. बदनापूर आणि त्याच्यासारखी उंबरठ्यावर असलेली गावे अद्याप त्या अवस्थेला पोचलेली नाहीत. त्यांच्या ओढ्याला अजून काठ आहेत, माळावर अजून टिटवी ओरडते. नकाशावर पहिली रेषा ओढण्यापूर्वी संबंधितांनी एक दिवस सकाळी हा परिसर पायी हिंडून पाहावा, आणि सोबत गावातील एखादा गुराखी घ्यावा. कोणती जागा खरोखर मोकळी आहे आणि कोणती नाही, हे तो अचूक सांगेल.